‘पगार’पासून स्पॅनिशपर्यंत : क्रियापदांची पहिली ओळख

महिनाअखेरीस ज्याची सर्वजण वाट पाहतात तो ‘पगार’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीजमध्ये ‘पागार’ हे नाम नसून क्रियापद आहे. त्याचा अर्थ पैसे देणे, चुकते करणे असा होतो. हेच क्रियापद याच रूपात आणि याच अर्थाने स्पॅनिशमध्येही आहे. स्पॅनिश क्रियापदांच्या पहिल्या वर्गाचे नमुनारूप म्हणून त्याच्याइतके सोयीचे दुसरे क्रियापद मराठी विद्यार्थ्याला मिळणे कठीण, म्हणून या लेखात शक्य तेथे तेच वापरले आहे.

स्पॅनिश शिकू लागलेले बरेचसे विद्यार्थी क्रियापदांच्या तक्त्यांपाशी अडखळतात आणि दोन-तीन महिन्यांत वर्ग सोडतात. आपल्याकडे स्पॅनिश बहुधा इंग्रजीच्या माध्यमातून शिकविली जाते, हे त्यामागचे एक कारण आहे. इंग्रजीत क्रियापदाची रूपे मोजकी, नामांना लिंग नाही, ‘तू’ आणि ‘आपण’ यांत भेद नाही. त्यामुळे इंग्रजी पाठ्यपुस्तक ज्या गोष्टी नवलाच्या म्हणून सांगते, त्यांतील निम्म्या मराठी माणूस लहानपणापासून बोलत असतो. आणि मराठी माणसाची खरी अडचण जेथे होते, तेथे ते पुस्तक गप्प असते, कारण ती अडचण इंग्रजी भाषकाला येतच नाही. शुल्क भरून, वेळ देऊन शिकणाऱ्याचे यात नुकसान होते.

उच्चाराविषयी थोडे

स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ हे आपले दंत्य ‘त’ आणि ‘द’ आहेत, ‘ट’ आणि ‘ड’ नव्हेत. ‘क’, ‘प’, ‘त’ यांत महाप्राण मिसळत नाही. इंग्रजी भाषकाला हे शिकावे लागते, आपल्याला केवळ इंग्रजी वळण विसरावे लागते. रोमन लिपीतील एच हे अक्षर उच्चारले जात नाही, व्ही हे अक्षर ‘ब’सारखे उच्चारले जाते, जे हे अक्षर घशातून येणाऱ्या ‘ख’सारखे. एकेरी ‘र’ आणि थरथरता दुहेरी ‘र्र’ हे मात्र वेगळे ठेवावे लागतात : ‘पेरो’ म्हणजे ‘परंतु’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’.

आघात ही त्याहून महत्त्वाची गोष्ट. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही; स्पॅनिशमध्ये तो काळ आणि पुरुष दोन्ही बदलतो. या लेखात जेथे गरज आहे तेथे आघात असलेल्या अक्षरानंतर अवग्रह दिला आहे. ‘पाऽगो’ म्हणजे ‘मी पैसे देतो’. ‘पागोऽ’ म्हणजे ‘त्याने पैसे दिले’. बिल कोणी द्यायचे यावर चर्चा चालू असताना हा फरक लहान राहत नाही. लिहिताना दुसऱ्या शब्दातील ओ या अक्षरावर तिरकी रेघ येते. ती शोभेची नाही आणि वगळता येत नाही.

तीन वर्ग, सहा रूपे

मराठीत कोशातले क्रियापद ‘णे’ने संपते, ‘बोलणे’मधून ‘णे’ काढले की ‘बोल’ हा धातू उरतो. स्पॅनिशमध्ये तसेच तीन अंत्य प्रत्यय आहेत : आर, एर आणि ईर. ‘पागार’ पहिल्या वर्गातले, ‘कोमेर’ (खाणे) दुसऱ्या आणि ‘बिबिर’ (राहणे, जगणे) तिसऱ्या. प्रत्यय काढला की धातू उरतो आणि त्याला पुरुष-वचनाचे प्रत्यय लागतात.

यो पाऽगो – मी पैसे देतो, देते
तू पाऽगास – तू देतोस, देतेस
एल पाऽगा – तो देतो (‘एया पाऽगा’ – ती देते)
नोसोत्रोस पागाऽमोस – आम्ही देतो
बोसोत्रोस पागाऽइस – तुम्ही देता
एयोस पाऽगान – ते देतात

‘तू’ हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखा आहे, हा योगायोग नव्हे. दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. प्रत्ययांतही हे नाते दिसते. शाळेत संस्कृत घेतलेल्यांनी ‘वदसि, वदामः, वदन्ति’ ही रूपे आठवावीत आणि त्यांशेजारी ‘पागास, पागामोस, पागान’ ठेवावीत. द्वितीय पुरुषातला ‘स’, ‘आम्ही’चा ‘मस्’ (विसर्ग होण्यापूर्वीचा) आणि ‘ते’चा ‘न’ तिथेही आहेत आणि इथेही. ‘वदति’मधल्या ‘त’चा जोडीदार लॅटिनमध्ये होता, स्पॅनिशमध्ये तो गळून पडला. ज्याला संस्कृतचे वर्तमानकाळी तक्ते पाठ आहेत, त्याला हे सहा प्रत्यय लक्षात ठेवायला एक संध्याकाळ पुरते.

दुसऱ्या वर्गात ‘आ’च्या जागी ‘ए’ येतो : कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. तिसरा वर्ग दुसऱ्यासारखाच चालतो, फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत ‘इ’ दिसते : बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबिस, बिबेन. म्हणजे वर्ग तीन असले तरी पाठ करावयाचे तक्ते दीडच आहेत.

मराठीत ‘देतो’ आणि ‘देते’ असा जो लिंगभेद क्रियापदात येतो, तो स्पॅनिश वर्तमानकाळात नाही. पण विशेषणात तो आहे : पुरुष ‘एस्तोय कान्सादो’ म्हणेल आणि स्त्री ‘एस्तोय कान्सादा’, म्हणजे ‘मी थकलो आहे’, ‘मी थकले आहे’. नपुंसकलिंगी नामे नाहीत. ‘घर’ आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे ‘कासा’ स्त्रीलिंगी. ‘हात’ आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे ‘मानो’ हा ओकारान्त असूनही स्त्रीलिंगी. येथे तर्क चालत नाही. नाम शिकतानाच ‘एल’ किंवा ‘ला’ हे उपपद जोडून शिकावे.

कर्त्याचे सर्वनाम वारंवार उच्चारू नये. ‘येतो हं’, ‘जेवलास का?’ असे आपण म्हणतो, कारण कर्ता प्रत्ययातून कळतो. स्पॅनिशमध्येही ‘पागो’ एवढेच पुरे. इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी प्रत्येक वाक्याआधी ‘यो’ लावतो आणि ऐकणाऱ्याला तो सारखा ‘मी, मी’ करतो आहे असे वाटते.

आदरार्थी ‘उस्तेद’ हे सर्वनाम ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा संक्षेप आहे, म्हणून त्याच्यासोबत क्रियापद तृतीय पुरुषी येते : ‘उस्तेद पागा’. समोरच्याला ‘साहेब काय म्हणतात?’ असे विचारणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. ‘बोसोत्रोस’ हे अनेकवचन मुख्यतः स्पेनमध्ये चालते. लॅटिन अमेरिकेत सर्वांसाठी ‘उस्तेदेस’. अर्जेंटिना आणि उरुग्वेत ‘तू’च्या जागी ‘बोस’ येते आणि क्रियापद ‘पागाऽस’ होते. आरंभी एकच प्रदेश धरून चालावे, दोन्हींची सरमिसळ करू नये.

‘असणे’ एक, क्रियापदे दोन

‘असणे’ या अर्थाची ‘सेर’ आणि ‘एस्तार’ ही दोन क्रियापदे नवख्याला सर्वाधिक छळतात. रूपे अशी : सोय, एरेस, एस, सोमोस, सोइस, सोन, आणि एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान. ‘एस’ हा ‘अस्ति’चा आणि ‘सोन’ हा ‘सन्ति’चा भाऊबंद, ‘एस्तार’ ज्या लॅटिन धातूपासून निघाले तो संस्कृत ‘स्था’च्या कुळातला.

कायमचे असेल तर सेर, तात्पुरते असेल तर एस्तार, असा नियम बहुतेक ठिकाणी सांगतात. तो सोपा आहे आणि चुकीचा आहे. पणजी गोव्यातून हलणार नाही, तरी ‘पणजी एस्ता एन गोवा’ असेच म्हणावे लागते. मृत्यूइतके कायमचे काही नाही, तरी ‘एस्ता म्वेर्तो’ हेच बरोबर. त्यापेक्षा ‘स्था’ धरून ठेवावा. एखादी वस्तू वा व्यक्ती कोठे आहे किंवा कोणत्या अवस्थेत आहे हे सांगायचे तर एस्तार. ती कोण आहे, काय आहे, कशी ओळखली जाते हे सांगायचे तर सेर. ‘मारिया एस मेदिका’ – मारिया डॉक्टर आहे. ‘एल येलो एस फ्रिओ’ – बर्फ थंड असतो. ‘एल काफे एस्ता फ्रिओ’ – कॉफी थंड झाली आहे. मराठीतील ‘असतो’ आणि ‘आहे’ यांचा भेद काही वाक्यांत मदतीला येतो, पण सगळीकडे नाही, हे पहिल्याच उदाहरणावरून दिसेल. विशेषणही क्रियापदानुसार अर्थ बदलते : ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे, ‘एस आबुर्रिदो’ कंटाळवाणा, ‘एस्ता आबुर्रिदो’ कंटाळलेला. एक अपवाद लक्षात असू द्यावा : कार्यक्रम कोठे आहे हे सांगताना सेर येते. ‘ला फिएस्ता एस एन कासा’ – समारंभ घरी आहे.

‘टेबलावर पुस्तक आहे’ अशा नुसत्या अस्तित्वदर्शक वाक्यात या दोहोंपैकी एकही येत नाही. तेथे ‘आय’ हे एकच न बदलणारे रूप वापरतात, वस्तू एक असो वा शंभर.

‘मला’ आणि ‘ला’ : येथे मराठी पुढे आहे

इंग्रजी पुस्तके ‘गुस्तार’ या क्रियापदावर पानेच्या पाने खर्च करतात. मराठीत त्याला एक ओळ पुरते. ‘मे गुस्ता एल काफे’ म्हणजे ‘मला कॉफी आवडते’, ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ म्हणजे ‘मला पुस्तके आवडतात’. आवडणारी वस्तू कर्ता, क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे, आणि ज्याला आवडते तो ‘मला, तुला’ या रूपात. रचना शब्दशः आपलीच आहे.

त्याहून विलक्षण साम्य ‘आ’ या शब्दयोगी अव्ययाचे. आपण ‘मी घर पाहतो’ म्हणतो, पण ‘मी मारिया पाहतो’ म्हणत नाही. ‘मारियाला पाहतो’ म्हणतो. स्पॅनिशही तेच करते : ‘बेओ ला कासा’, पण ‘बेओ आ मारिया’. कर्म विशिष्ट माणूस असेल तर त्याआधी ‘आ’ लागतो. आणि ‘मारियाला पुस्तक देतो’ या वाक्यातही हाच ‘आ’ येतो, जसा आपल्याकडे दोन्हीकडे ‘ला’. इंग्रजी भाषक हा ‘आ’ वर्षानुवर्षे विसरत राहतो. मराठी भाषकाने मनातल्या ‘ला’कडे कान दिला की बहुतेक वेळा उत्तर बरोबर येते.

वाकणारे धातू

‘केरेर’ (हवे असणे, प्रेम करणे) याचे ‘मी’चे रूप ‘केरो’ न होता ‘क्येरो’ होते. ‘पोदेर’ (शकणे) याचे ‘प्वेदो’. ‘पेदिर’ (मागणे) याचे ‘पिदो’. पण ‘आम्ही’ची रूपे सरळ राहतात : केरेमोस, पोदेमोस, पेदिमोस. याचे कारण आघातात आहे. धातूतल्या स्वरावर आघात आला की तो दुभंगतो किंवा बदलतो. आघात प्रत्ययावर सरकला की मूळ स्वर परत येतो. आपल्याकडे ‘फूल’चे ‘फुलाला’ आणि ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होताना ऱ्हस्व-दीर्घ बदलतो, तशीच ही शिस्त आहे. कारण कळले की अशी अनेक क्रियापदे ‘अनियमित’ वाटेनाशी होतात.

काही क्रियापदे केवळ ‘मी’च्या रूपात ‘ग’ घेतात : तेंगो (माझ्याकडे आहे), बेंगो (येतो), साल्गो (बाहेर पडतो), पोंगो (ठेवतो). ‘जाणे’ हे ‘ईर’ मात्र ओळखू न येण्याइतके बदलते : बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. ते लवकर शिकावे, कारण त्याच्या आधाराने भविष्यकाळ फुकट मिळतो : ‘बोय आ पागार’ – मी पैसे देणार आहे.

खरा भविष्यकाळही कठीण नाही. मूळ क्रियापद अखंड ठेवून शेवटी प्रत्यय जोडायचा, तिन्ही वर्गांना तोच : पागारेऽ, पागाराऽस, पागाराऽ. ‘पागारेऽ’ म्हणजे ‘मी पैसे देईन’. आणि हाच शब्द स्पॅनिशमध्ये नाम म्हणूनही चालतो, अर्थ वचनचिठ्ठी. कर्जदाराने दिलेला शब्दच दस्तऐवजाचे नाव झाला.

दोन भूतकाळ आणि एक सापळा

शालेय मराठी व्याकरणात रीती भूतकाळ शिकविला जातो : ‘तो रोज येई’, ‘आजी गोष्टी सांगे’. आता बोलण्यात ‘येत असे’, ‘सांगायची’ अशी रूपे अधिक असली तरी भाव तोच. स्पॅनिशमध्ये या अर्थाचा आणि ‘देत होता’ या अर्थाचा मिळून एक स्वतंत्र काळ आहे : पागाबा, कोमिया, बिबिया. पूर्ण झालेल्या एकेका घटनेसाठी दुसरा : पागोऽ, कोमियोऽ, बिबियोऽ. ‘वडील दर महिन्याला भाडे देत’ येथे पागाबा. ‘काल वडिलांनी भाडे दिले’ येथे पागोऽ. पहिला काळ रूपाने अतिशय सरळ असून त्यात केवळ ३ क्रियापदे अनियमित आहेत : सेर, ईर आणि बेर (पाहणे). दुसऱ्यात अनियमितता भरपूर. ‘सेर’ आणि ‘ईर’ यांची रूपे तर त्यात अगदी एकच होतात, म्हणून ‘फ्वे’ म्हणजे ‘तो होता’ की ‘तो गेला’ हे संदर्भावरून ठरवावे लागते.

सापळा मराठीच्याच बाजूने आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात आपण कर्मणी प्रयोग करतो : ‘मी हिशेब दिला’, ‘मी बिले दिली’. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, कर्त्याला ‘ने’ लागतो. स्पॅनिशमध्ये यातले काहीही नाही. ‘पागेऽ ला क्वेन्ता’, ‘पागेऽ लास क्वेन्तास’ – बिल एक असो वा दहा, क्रियापद ‘मी’शीच बांधलेले. नकळत कर्माकडे पाहून रूप बनविण्याची मराठी सवय येथे जाणीवपूर्वक मोडावी लागते. हा इशारा इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही.

विध्यर्थाबद्दल एवढेच, की घाबरू नये. ‘त्याने पैसे द्यावेत अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘द्यावेत’चे काम स्पॅनिशमध्ये ‘पाऽगे’ करते : ‘क्येरो के पाऽगे’. आघात सरकून ‘पागेऽ’ झाले तर मात्र ‘मी दिले’ असा अर्थ होतो. हा भाग पहिल्या सहा महिन्यांनंतर घ्यावा.

पोर्तुगीजचा आधार आणि धोका

गोव्यातील ज्या घरांत अजून पोर्तुगीज कानावर पडते, त्यांचे काम अर्धे झालेले असते. ‘पागो, पागास, पागा’ तिथेही जवळपास तसेच. अनेक शब्दांत पोर्तुगीज ‘फ’च्या जागी स्पॅनिशमध्ये मूक एच असतो : ‘फालार’चे ‘आब्लार’ (बोलणे), ‘फाझेर’चे ‘आसेर’ (करणे, स्पेनमध्ये बहुतांशी ‘आथेर’). आपल्या बोलण्यातील मेज, पाव, साबण, चावी हे पोर्तुगीज शब्द स्पॅनिशमध्ये मेसा, पान, खाबोन, याबे असे भेटतात. पण सावध राहावे : ‘एक्सकिसितो’ हे स्पॅनिशमध्ये स्वादिष्ट पदार्थाचे कौतुक आहे, पोर्तुगीज ‘इश्किझितु’ म्हणजे विचित्र. यजमानीण बाईंसमोर दोन्ही भाषा मिसळू नयेत.

याच भूमीत थॉमस स्टीफन्स या जेझुइट पंडिताने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. ते त्याच्या पश्चात १६४० साली राशोल येथे छापले गेले. त्याआधी १४९२ मध्ये आन्तोनिओ दे नेब्रिखा याने स्पॅनिशचे पहिले व्याकरण प्रसिद्ध केले होते. दोघांनीही लॅटिनचा साचा समोर ठेवला होता. मराठी वा संस्कृतचा साचा समोर ठेवून स्पॅनिश शिकणे हा त्याच वाटेवरचा उलटा प्रवास आहे.

कोठून सुरू करावे

प्रथम बारा क्रियापदे पुरेत : सेर, एस्तार, ‘आय’सह आबेर, तेनेर, ईर, आसेर, पोदेर, केरेर, देसिर (सांगणे), दार (देणे), बेर आणि साबेर (माहीत असणे). जवळजवळ सगळी अनियमित आहेत, आणि रोजच्या बोलण्यात त्यांच्यावाचून पान हलत नाही. तक्ता उभा पाठ करण्यापेक्षा प्रत्येक रूप एका स्वतःच्या वाक्यात घालावे. ‘मी’ आणि ‘तू’ची रूपे प्रश्नोत्तरांतून घोटावीत, कारण प्रत्यक्ष संभाषणात तीच लागतात.

परीक्षा द्यावयाची असल्यास ‘देले’ ही स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने सेर्वान्तेस संस्थेतर्फे घेतली जाणारी प्रमाणपत्र परीक्षा आहे; ए१ ते सी२ असे तिचे सहा स्तर असून संस्थेचे केंद्र नवी दिल्लीत आहे. ए१साठी मुख्य भर वर्तमानकाळावर असतो, भूतकाळांची खरी गरज ए२पासून लागते. शब्दकोशात ‘फ्वे’ किंवा ‘क्येरो’ शोधून नवख्याला काही मिळत नाही, कारण तेथे नोंद मूळ क्रियापदाची असते. स्पेनच्या भाषा अकादमीचा – स्थापना १७१३ – कोश संगणकावर विनामूल्य पाहता येतो आणि त्यात क्रियापदाच्या नोंदीसोबत सर्व काळांच्या रूपांचा तक्ता दिलेला असतो. ‘पागार’ची नोंद उघडून पहिला तक्ता तेथेच वाचावा.